टायरची हवा काढायचं यंत्र घ्यावं का?

प्रश्न : डिसेंबरात आम्ही मित्र फोर बाय फोर घेऊन जैसलमेरला समच्या वाळूत जाणार आहोत. हवा कमी करायची हे कळलं, पण किती? त्यासाठी डिफ्लेटर घ्यायलाच हवा का, काडीने वॉल्व्ह दाबून भागत नाही का? आणि नंतर कोकणात बीचवरही गाडी घालायचा विचार आहे.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : काडीने भागतं हो, पण चारी चाकांपाशी उकिडवं बसून ३२ वरनं १८ पीएसआयवर यायला जाम वेळ जातो आणि शेवटी प्रत्येक टायरात वेगळीच हवा राहते. डिफ्लेटर दोन तऱ्हेचे मिळतात. एक म्हणजे छोट्या पितळी टोप्या, आधी आकडा सेट करायचा, वॉल्व्हवर फिरवून बसवायच्या, तिथपर्यंत हवा आली की आपोआप बंद (घरी एकदा गेजशी ताडून बघा, सेटिंग हललेलं असतं). दुसरा गेजवाला, तो वॉल्व्हची पिनच बाहेर ओढतो पण पिन यंत्राच्या आतच राहते, त्यामुळे हवा भसाभस जाते आणि पिन वाळूत हरवत नाही. मी असतो तर हाच घेतला असता. फक्त हवा चालू असताना आकडा खोटा दिसतो, मध्ये थांबवून वाचा. नुसत्या पान्याने पिन काढायला जाऊ नका, ती गोळीसारखी सुटते, डोळ्याशी खेळ नको.

थंड टायरवर १८ पासून सुरू करा, रुतलीच तर १५. टायर वाळूवर लांब पसरतो, वजन वाटलं जातं आणि चाक खणत बसत नाही. त्याखाली नकोच, साध्या रिमवर जोरात वळलात तर टायर रिममधून निसटतो. डॅशबोर्डवर टायरचा दिवा लागेल, घाबरू नका.

पण पैसे कमी असतील तर आधी हवा परत भरायचा कॉम्प्रेसर घ्या, बॅटरीला चिमटे लावायचा, लायटर सॉकेटवाले छोटे पंप फार रडवतात. समहून जैसलमेर ४० किलोमीटरच्या आसपास आहे, तेवढं अंतर १८ वर डांबरीवरनं जोरात आलात तर टायरची बाजू सारखी दुमडून तापते आणि फाटते.

बीचचं मात्र डोक्यातनं काढा. गोव्यात बंदीच आहे, कोकणातही पोलीस गुन्हा दाखल करतात, आणि थंडीत वेळास-आंजर्ल्याकडे कासवं वाळूत अंडी घालतात. शिवाय ओल्या वाळूत रुतलात आणि भरती आली तर डिफ्लेटर काय कामाचा!