करून पाहू: शिक्षक-पालकांचे प्रश्न

पाचवीच्या मुलांनी गच्चीत काठी उभी करून दर दहा मिनिटांनी सावली मोजली. बाराला सावली सर्वांत लहान व्हायला हवी होती, पण साडेबारापर्यंत ती कमीच होत राहिली. मोजायला चुकलो का? (शिक्षिका, परळ)

मोजमाप बरोबर आहे. ‘बाराला’ हे गृहीतच मुंबईला लागू पडत नाही. आपली घड्याळं चालतात ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर. ते मिर्झापूरजवळून जातं आणि मुंबई त्याच्या पश्चिमेला सुमारे ९.६ अंशांवर आहे. एका अंशाला चार मिनिटं धरली, तर आपली खरी मध्यान्ह सरासरी १२.३८ला होते. १९५५पर्यंत मुंबईत प्रमाणवेळेहून ३९ मिनिटं मागे असलेली ‘बॉम्बे टाइम’ही वापरात होती. वर्गातल्या एखाद्याच्या पणजोबांना आठवतही असेल.

सरासरी म्हणायचं कारण असं, की पृथ्वीची कक्षा लंबगोल आणि अक्ष कललेला असल्याने ही वेळ वर्षभर मागेपुढे होते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती १२.२२च्या आसपास असते, फेब्रुवारीच्या मध्यात १२.५३च्या. हे शिक्षकाला माहीत असलं की पुरे, पाचवीला त्याची गरज नाही.

आता खरी अडचण. मध्यान्हीच्या आसपास सावली फार हळू बदलते. २१ डिसेंबरला ३० सेंमी काठीची सर्वांत लहान सावली साधारण २७.५ सेंमी असते आणि त्याच्या वीस मिनिटं आधी किंवा नंतर फक्त तीन मिलिमीटर जास्त. सूर्य बिंदू नसून तबकडी असल्याने सावलीचं टोक जवळपास अर्धा सेंमी धूसर दिसतं. म्हणजे शोधायचा फरक धूसरपणातच बुडतो, आणि दहा गटांची दहा उत्तरं येतात. म्हणून सर्वांत लहान सावली शोधूच नका. जुन्या ज्योतिषींची शंकूची, म्हणजे उभ्या काठीची, रीत वापरा.

वाळू भरलेल्या डब्यात काठी रोवा, म्हणजे गच्चीला भोक पाडावं लागत नाही. डब्याचा काठ जमिनीपासून उंच असतो, तेव्हा काठीची उंची जमिनीपासून मोजा. दोऱ्याला नट बांधून ओळंबा करा आणि काठी समोरून व बाजूने, दोन्हीकडून तपासा. काठी कलली, तर पुढचं सगळंच कलतं. काठीच्या बुडाखालचा बिंदू केंद्र धरून खडूने वर्तुळ काढा. डिसेंबरअखेरीस त्रिज्या काठीच्या उंचीइतकीच, ३० सेंमी, ठेवली तरी चालते. सावलीचं टोक वर्तुळाला सकाळी आतल्या बाजूला येताना कधी टेकतं आणि दुपारी बाहेर जाताना कधी, या दोन वेळा लिहा. समजा ११.३६ आणि १.३८ आल्या, तर मध्य १२.३७. या वेळांना सावली चार मिनिटांत तीन-चार मिलिमीटर सरकते, म्हणून टेकण्याचा क्षण ओळखता येतो. टेकलेले दोन बिंदू जोडून त्या रेषेचा मध्य काठीच्या बुडाशी जोडला, की उत्तर-दक्षिण रेषा मिळते.

नेहमीची चूक म्हणजे मधल्या सुट्टीत कोणीतरी डबा हलवतो. डब्याभोवतीही खडूची रेघ मारून ठेवा.

आणि ‘सूर्य रोज दुपारी डोक्यावर येतो’ हे वाक्य वर्गातून काढून टाका. मुंबईत तो वर्षात दोनदाच नेमका डोक्यावर येतो. मेच्या मध्याला, तेव्हा शाळेला सुट्टी. जुलैच्या अखेरीस, तेव्हा आभाळ!

जुलैत ताटलीत आणि पेल्यात पाणी ठेवून बाष्पीभवनाचा प्रयोग केला. दोन दिवसांनी दोन्हीकडचं पाणी जवळपास तेवढंच! (शिक्षक, भांडुप)

पावसाळ्यात मुंबईची हवा आधीच बाष्पाने भरलेली असते, ती आणखी पाणी कुठून घेणार? पाणी कमी घ्या. एक जुना सुती पंचा कापून १५ सेंमीचे सारखे चौकोन करा. औषधाच्या दुकानातून १० मिलीची नवी, सुई नसलेली सिरिंज आणा आणि प्रत्येक तुकड्यावर ५ मिली पाणी सोडा. एक पंख्याखाली पसरून, एक पंख्याखालीच पण चौघडी करून, एक वारा न येणाऱ्या कोपऱ्यात पसरून. पहिल्या-दुसऱ्यात फक्त घडी बदलते, पहिल्या-तिसऱ्यात फक्त वारा. घडी घातलेला तुकडा कोपऱ्यात ठेवलात, तर उशीर कशामुळे झाला हे कोणालाच सांगता येणार नाही. मुलं हमखास तेच करतात. लगेच टोकू नका, ‘मग कारण कोणतं?’ एवढंच विचारा.

‘वाळलं’ कशाला म्हणायचं, हे आधी ठरवा. टिश्यू पेपर दाबून डाग उमटला नाही, की वाळलं. नाहीतर भांडणं होतात. हाच प्रयोग जानेवारीत पुन्हा करा आणि जुलैचे आकडे शेजारी लिहा.

ताटली-पेला करायचाच असेल, तर पाण्याची उंची पट्टीने मोजू नका. तोंडं वेगळी असताना उंचीची तुलना फसवी ठरते. उरलेलं पाणी सिरिंजने ओढून मिली मोजा.

बल्ब लावायच्या तासाला निम्म्या गटांचा बल्ब लागतच नाही. (शिक्षिका, मालाड)

बहुतेक वेळा दोन्ही तारा बल्बच्या बुडाच्या टोकालाच टेकवलेल्या असतात. एक टोकाला, दुसरी धातूच्या कडेला हवी. तारेची टोकं सेंटिमीटरभर सोलली आहेत का पाहा. चकचकीत तांब्याच्या तारेवर वार्निशसारखा थर असतो, तो पॉलिश पेपरने घासावा लागतो. २.५ व्होल्टचा टॉर्चचा बल्ब एका सेलवर मंदच लागतो, खिडकी बंद करा म्हणजे दिसेल. पांढरा एलईडी मात्र १.५ व्होल्टवर लागणारच नाही. दोन सेल जोडा, लांब पाय धन टोकाकडे. तार गरम लागली तर लगेच सोडायची, आणि भिंतीतल्या प्लगला हात लावायचा नाही, हे तास सुरू होण्याआधीच सांगा.

उत्तर पुस्तकाशी जुळलं नाही तर वहीत काय लिहून घ्यायचं? (पालक-स्वयंसेवक, चेंबूर)

जे आलं ते. अंदाज प्रयोगाआधी पेनने लिहून घ्या. पेन्सिल दिली, की मुलं निकाल पाहून अंदाज खोडतात आणि सगळ्यांचे अंदाज बरोबर येतात! सगळ्या गटांचे आकडे फळ्यावर एकाखाली एक लिहा. एखादा फारच वेगळा असेल, तर त्या गटाने सर्वांसमोर पुन्हा मोजायचं. तरीही वेगळाच आला, तर तो तसाच ठेवायचा आणि त्या गटाची मांडणी इतरांनी जाऊन पाहायची.