रक्त काढण्याआधी बोल

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रातली ती तेवीस वर्षांची पेशंट मनातून जात नाही. डबल मार्करच्या, म्हणजे गर्भाला डाऊन सिंड्रोम (एक गुणसूत्र जास्त असल्याने येणारा जन्मजात दोष) असण्याची शक्यता सांगणाऱ्या रक्ततपासणीच्या रिपोर्टवर १:१९०, शेजारी लाल अक्षरांत ‘हाय रिस्क’, आणि तुझ्या टेबलावर येण्याआधीच तो रिपोर्ट मोबाईलवरून घरभर फिरलेला. सासूबाई ‘खाली करून टाका’ म्हणाल्या याचे मला नवल नाही. नवल वाटते ते ‘आता तिला कसे समजावू?’ या तुझ्या प्रश्नाचे. समजावण्याची वेळ सुई टोचण्याआधीची होती.

असो. तिला नवऱ्यासह बोलाव. कागदावर एकशे नव्वद टिंबे काढ आणि एकाच टिंबाभोवती गोल कर. असा आकडा आलेल्या इतक्या बायकांपैकी साधारण एकीच्या बाळाला डाऊन सिंड्रोम असतो. बाकीच्यांच्या बाळाला तो नसतो, पण रेघ १:२५० वर आखलेली असल्यामुळे साऱ्याजणी लाल रंगात येतात. तिचे वय, वजन आणि सोनोग्राफीवरून धरलेले दिवस फॉर्मवर बरोबर भरले होते का, तेही पाहा, कारण त्यांत चूक झाली तर आकडाच बदलतो.

पुढे एनआयपीटी, म्हणजे आईच्या रक्तातून गर्भाचा डीएनए पाहणारी चाळणी, केली तरी त्यात गर्भाचा म्हणून जो डीएनए तपासतात तो मुख्यतः वारेतून आलेला असतो, त्यामुळे ती पॉझिटिव्ह आली तरीही गर्भजल तपासल्याशिवाय कोणताही निर्णय घेऊ देऊ नकोस. गर्भजल पंधरा आठवड्यांनंतर काढतात, पेशी वाढवून गुणसूत्रे पाहण्यात आणखी दोन-तीन आठवडे जातात, आणि गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतरही चोवीस आठवड्यांपुढे गंभीर व्यंगासाठी वैद्यकीय मंडळाकडे जावे लागते. या तारखा तिला लिहून दे. मुलगा की मुलगी असे कोणी कुजबुजले, तर गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा १९९४ चा कायदा सांगून विषय तिथेच मिटव.

पण पुढच्या पेशंटशी रक्त काढण्याआधी बोल. ही केवळ चाळणी आहे, आकडा लाल आला तर पुढे किती दिवस आणि किती पैसे लागतील, आणि तपासणी नाकारण्याचा तिला अधिकार आहे, हे सारे आधी सांग. काहीही निघाले तरी मूल हवेच, असे म्हणणाऱ्या जोडप्याला तयारीसाठी जाणून घ्यायचे असेल किंवा मुळीच नसेल. ते त्यांनी ठरवायचे, तेही रक्त काढण्याआधी.

ओपीडीत वेळ नसतो, हे मला ऐकवू नकोस. माझी रांग रात्रीपर्यंत चाले, सहकारी मला प्रवचनकार म्हणत. एका रुग्णालयात पॅकेजमधली तपासणी न बोलता लिहा असा आग्रह झाला, तेव्हा मी ती नोकरी सोडली. पुढे विभागप्रमुखपद मिळाले नाही, त्याची खंत अजून आहे. तरीही माझेच बरोबर होते, असे मी आजही म्हणते.

तुमच्या दवाखान्यातला तो छापील फॉर्म, ज्यावर साऱ्या तपासण्यांपुढे आधीच खुणा केलेल्या असतात, या आठवड्यात बदलून घे. मालक ऐकत नसतील तर मला कळव. मी स्वतः त्यांच्याशी बोलेन.

तुझी,
मॅडम