भीती वाटते, पण सभा तर चालवायचीय

प्रश्न : मी थेट सरपंच म्हणून निवडून आले, पण सदस्य जास्त समोरच्या पॅनलचे आहेत. पहिल्या ग्रामसभेत पाण्याच्या पैशांचा हिशोब विचारला, तेव्हा घशाला कोरड पडली आणि हातातला कागद थरथरायला लागला. कुणीतरी मोबाईलवर शूटिंग करत होतं. शेवटी मिस्टरांनीच उठून उत्तर दिलं. पुढची सभा तोंडावर आलीय. काय करू?

उत्तर : ताई, भीती गेली की बोलू, असं ठरवलंत तर पाच वर्षं अशीच निघून जातील. सभेत धडधडतं ते बहुतेक वेळा 'आपल्याला माहीत नाही हे उघडं पडेल' म्हणून. त्यामुळे इलाजही दोनच: जे माहीत करून घेता येतं ते आधी करून घ्यायचं, आणि जे राहिलं ते चारचौघांत सरळ कबूल करायचं.

ग्रामसभेची नोटीस किमान ७ दिवस आधी निघते. त्या आठवड्यात ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसोबत (गावात अजून ग्रामसेवकच म्हणतात) दोन तास बसा आणि तीन गोष्टी पुढ्यात मागा. मागच्या सभेचं इतिवृत्त, त्यातल्या प्रत्येक ठरावाचं पुढे काय झालं यासह. नमुना ५ ची रोकड वही. आणि वित्त आयोगाच्या निधीचा जमाखर्च. सगळं एका पानावर, स्वतःच्या अक्षरात उतरवा. दुसऱ्याने टाईप करून दिलेलं पान ऐनवेळी डोळ्यांपुढे नाचतं.

'पाण्याला एवढे पैसे आले, मग आमच्या गल्लीचा रस्ता का नाही?' हा प्रश्न येणारच. १५व्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २६ या काळातल्या अनुदानात ६० टक्के निधी बंधित होता: निम्मा पिण्याच्या पाण्याला, निम्मा स्वच्छतेला. त्यातून रस्ता करता येत नाही. उरलेला ४० टक्के अबंधित, आणि तोही पगार किंवा आस्थापनेवर खर्च करता येत नाही. एवढं आकड्यांसह सांगता आलं की विचारणाऱ्याचाही सूर बदलतो.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. पुष्कळ ठिकाणी ती वहीतल्या सह्यांपुरतीच होते. तुम्ही ती खरोखर भरवा. प्रश्न तेच येतील, पण आवाज चढलेले नसतील, आणि मोठ्या सभेत कशाला तोंड द्यायचंय ते आधीच कळेल. त्यातल्या चार जणींना ग्रामसभेत पुढच्या सतरंजीवर बसायला सांगा.

सभेच्या दिवशी कागद हातात धरू नका, टेबलावर ठेवा. थरथर कागदामुळेच दिसते. पहिली दोन वाक्यं तोंडपाठ हवीत. उठण्याआधी चार अंक मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा, असं पाच वेळा. सोडलेला श्वास लांब असला की धडधड उतरते. शूटिंग चालू असेल तर चालू दे. मोबाईल हिसकावल्याची क्लिपच गावभर फिरते.

आणि उत्तर माहीत नसेल तेव्हा? 'माहिती घेऊन सांगते' हे वाक्य वापरू नका, लोकांचा त्यावर विश्वास राहिलेला नाही. असं म्हणा: 'हा आकडा आत्ता माझ्याकडे नाही. सोमवारी अकरा वाजता रोकड वही घेऊन कार्यालयात बसते. तुम्ही या. आकडा फलकावरही लावते.' आणि हे इतिवृत्तात लिहायला लावा. सोमवारी मात्र अकराला पाच मिनिटं असतानाच खुर्चीत बसलेलं असायचं. तो सोमवार चुकला, तर कबुलीचं सगळं पुण्य गेलं. एका सभेत अशी वेळ एकदोनदा आली तर चालतं. पाच वेळा आली, तर तयारी कमी पडली असं समजा.

राहिला मिस्टरांचा विषय. तो ग्रामसभेपेक्षा अवघड आहे हे आम्हालाही कळतं. महिला सरपंचांच्या कारभारात नातेवाइकांनी हस्तक्षेप करू नये, असे शासनाचे आदेश आहेत. ते बाजूला ठेवले, तरी त्यांनी एकदा उत्तर दिलं की पुढचा प्रश्न त्यांनाच जातो. घरी आदल्या रात्री शांतपणे ठरवा: ते मतदार म्हणून लोकांत बसतील. तरीही उठलेच, तर 'थांबा, उत्तर मी देते' एवढंच म्हणा. आवाज कापला तरी चालेल.

प्रश्न : मी बचत गटाची अध्यक्ष. बँकेचे दोन हप्ते थकलेत. एक थकबाकीदार माझी सख्खी जाऊ आहे. बायकांना अजून सांगितलेलं नाही.

उत्तर : येत्या बैठकीतच सांगा. बँकेच्या लेखी कर्ज गटाचं आहे, तुमच्या जावेचं नाही. त्यामुळे लपवलेला प्रत्येक आठवडा बाकीच्या जणींना महागात पडतो. आधी सचिव आणि कोषाध्यक्षांना गाठा, पासबुकावरून थकलेली रक्कम नक्की करा. जावेलाही आदल्या दिवशी कल्पना द्या, बैठकीत तिला अचानक उभं करू नका. मग रक्कम, तारखा, आणि 'नात्यामुळे मी मागायला कचरले' हे एक वाक्य. रडू आलं तर येऊ द्या, पण त्यावर बैठक संपवू नका. हप्ते कसे फेडायचे ते ठरवून वहीत लिहा. जावेकडची वसुली दुसऱ्या सदस्येकडे द्या.

प्रश्न : कंपनीत कपातीची कुजबुज आहे. मी नऊ जणांच्या टीमचा लीड. मलाही भीती वाटते, हे टीमला सांगावं का?

उत्तर : एका वाक्यात सांगा, दहा मिनिटं नको. त्यांनी तुमची समजूत काढायला सुरुवात केली, तर तुम्ही जास्त बोललात. त्या वाक्यानंतर तीन गोष्टी: काय नक्की कळलंय, काय कळलेलं नाही, आणि पुढचं कधी सांगाल. शुक्रवार म्हणालात आणि नवीन काहीच कळलं नाही, तरी शुक्रवारी 'काही नवीन नाही' हे सांगायला जा. 'तुमच्यापैकी कुणाला काही होणार नाही' हा शब्द मात्र देऊ नका, तो तुमच्या हातात नाही. स्वतःची पूर्ण धास्ती टीमबाहेरच्या जुन्या सहकाऱ्याकडे किंवा घरी मोकळी करा.