कॅमेरा राहू द्या, आधी ते पाकीट काढा

प्रश्न : वय ४१, हातात पगार ६२,०००, राहायला विक्रोळीत. आई ७१ वर्षांची आहे, तिला जात्यावरच्या शे-दीडशे ओव्या पाठ आहेत. त्या आणि मुलीचं शाळेतलं गॅदरिंग शूट करून घरीच एडिट करायचं आहे. लॅपटॉप सहा वर्षांचा, ८ जीबी रॅमचा. ५८,००० चा फोर-के कॅमकॉर्डर बारा महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर घ्यावा, की आईची एफडी थोडी मोडावी? तिच्या ६ लाखांच्या एफडीची मुदत नुकतीच संपली. बँकेतल्या मॅडमनी ५ लाख पुन्हा ठेवले आणि १ लाख ‘जास्त परताव्याच्या एफडी’त टाकले. दहा वर्षं दरवर्षी १ लाख भरायचे (पुढचे हप्ते त्या ५ लाखांतून), विसाव्या वर्षी २० लाख मिळतात. कागदांचं पाकीट ९ तारखेला आलं, त्यातल्या कागदांचे फोटो सोबत पाठवतोय. यूट्यूब चॅनेल काढलं तर कॅमेऱ्याचे पैसे वर्षभरात सुटतील असा अंदाज आहे.

उत्तर : एफडीत पैसे एकदाच ठेवतात. दरवर्षी भरावा लागतो तो हप्ता, आणि तुमच्या कागदांवर तो विम्याचा आहे. विमा तुमच्या आयुष्याचा, १० लाखांचा. पैसे मात्र आईचे. पाकीट ९ तारखेला आलं असं तुम्ही लिहिता, म्हणून हे छापून यायची वाट न बघता दोन ओळी तुम्हाला आधीच मेलवर कळवल्या. बाकीच्या वाचकांसाठी सविस्तर लिहितो, कारण अशी पत्रं दर महिन्याला येतात. फक्त ‘मॅडम’च्या जागी कधी ‘सर’ असतात.

विसाव्या वर्षी आई ९१ वर्षांच्या असतील. ही ‘एफडी’ नक्की कोणासाठी केली?

आता हिशोब. १० लाख भरून २० लाख, म्हणजे पैसे दुप्पट. पहिला हप्ता वीस वर्षं अडकतो, शेवटचा अकरा; सरासरी साडेपंधरा वर्षं. किती टक्क्यांनी पैसे दुप्पट होतात हे ढोबळ काढायला ७२ ला वर्षांनी भागतात; इथे साडेपंधराने भागा, परतावा येतो साडेचार टक्क्यांच्या जरा वर. हेच हप्ते पीपीएफमध्ये आजच्या ७.१ टक्क्यांनी वीस वर्षांत २९ लाखांच्या आसपास जातात. शिवाय ते २० लाखही पक्के नाहीत. तुमच्या दुसऱ्या फोटोत गृहीत धरलेल्या परताव्याचे दोन रकाने आहेत, एक ४ टक्क्यांचा, एक ८ टक्क्यांचा. मॅडमनी पेनने गोल केलाय तो ८ च्या रकान्यातल्या आकड्याला. खाली बारीक अक्षरांत ‘हमी नाही’ असं छापलंय, आणि त्याखाली तुमचीच सही आहे.

पुढचे हप्ते कुठून येणार? पत्रात तुम्ही गृहीत धरलंय की आईच्या उरलेल्या ५ लाखांतून. ते सहाव्या हप्त्याला संपतात. मग चार हप्ते, म्हणजे ४ लाख, ६२,००० च्या पगारातून. आणि दरम्यान आईचं औषधपाणी ज्या व्याजावर चाललं होतं, ते व्याजच आटलेलं.

पॉलिसीचे कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत ती कारण न देता परत करता येते. याला फ्री लूक म्हणतात. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे किरकोळ पैसे कापून बाकी हप्ता परत मिळतो. एक ध्यानात ठेवा : टपालाने पाकीट येण्याआधी ईमेलवर पीडीएफ आलं असेल, तर दिवस तिथपासून मोजले जाऊ शकतात. तेव्हा ९ तारखेवर विसंबू नका. अर्ज विमा कंपनीच्या शाखेत द्या, ईमेलही करा आणि पोच घ्या. बँकेत जाऊ नका. तिथे चहा मिळेल, ‘एक वर्ष थांबून तर बघा’ असं ऐकायला मिळेल, आणि दिवस जातील. ज्यांचे ३० दिवस उलटलेत त्यांनी आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी, मग विमा नियामकाचं ‘बिमा भरोसा’ पोर्टल, आणि महिन्याभरात दाद लागली नाही तर सांताक्रूझ पश्चिमेला विमा लोकपालांचं कार्यालय आहे. पण विमा कंपनीच्या पडताळणीच्या फोनवर ‘सगळ्याला हो म्हणा’ हे ऐकून हो म्हटलेलं असतं, ते रेकॉर्डिंग तिथे आडवं येतं.

पैसे परत आले की पूर्ण ६ लाख आईंच्या नावे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा. पोस्टात होतं. आजच्या ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला १२,३०० रुपये, पाच वर्षं. नुकतीच ठेवलेली एफडी मोडायला थोडा दंड बसेल, बसू दे. तुम्हाला स्वतःला विमा हवाच आहे, पण तो टर्मचा, म्हणजे बचत नसलेला नुसता विमा, आणि हप्ता तुमच्या पगारातून.

आता कॅमेरा. नो-कॉस्ट ईएमआय फुकट नसतो : व्याजाएवढी सूट आधी दाखवतात, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच माथी. ५८,००० वर साधारण हजारभर. तो मोठा मुद्दा नाही. मोठा मुद्दा हा की फोर-के तुमच्या लॅपटॉपला झेपणार नाही. १०० एमबीपीएसने तासाभराचं शूटिंग ४५ जीबी होतं. ८ जीबी रॅमवर एडिटिंग अडखळत चालेल आणि मग ‘लॅपटॉपच बदलू’ असं पुढचं पत्र येईल. फुल एचडी पुरे. कॅमकॉर्डरचा खरा फायदा ऑप्टिकल झूम, म्हणजे भिंगानेच दृश्य जवळ आणणं. गॅदरिंगला विसाव्या रांगेतून मुलीचा चेहरा फोनमध्ये लापशी होतो, ३० पट झूममध्ये होत नाही. फोर्टात बोरा बाजाराच्या बाजूला वापरलेले मिळतात, पण परदेशातून आणलेला एनटीएससी (अमेरिका-जपानची ६० हर्ट्झची पद्धत) घेऊ नका, आपल्या ५० हर्ट्झच्या ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकतं. टेपवाला मिनीडीव्ही स्वस्तात मिळतो, पण त्याला फायरवायर हे जुनं जोडणीचं पोर्ट लागतं, आणि ते तुमच्या लॅपटॉपला नसणार.

यूट्यूबचं म्हणाल तर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १,००० सबस्क्राइबर आणि वर्षात ४,००० तासांचं बघणं लागतं. माणूस सरासरी दोन मिनिटं थांबला, तर १,२०,००० वेळा कोणीतरी आईंच्या ओव्या लावायला हव्यात. लावतील तर आनंदच, पण हप्ता त्यावर टाकू नका.

आणि ओव्यांना झूम कशाला हवा? तिथे आवाज महत्त्वाचा, आणि स्वस्त कॅमकॉर्डरांत बाहेरचा माइक लावायची सोयच बऱ्याचदा नसते. फोनला जोडायचा कॉलर माइक हजार-दीड हजारात मिळतो. तो आईंच्या पदराला लावा, पंखा बंद करा, कुकर उतरल्यावर बसा. हे या रविवारीही होईल. कॅमेऱ्याचं गॅदरिंगच्या आधी बघू, तोवर महिना ३,००० बाजूला टाका.