सोसायटीत कारगिल विजय दिनाचा कार्यक्रम नीट कसा करावा?

प्रश्नाचा सारांश: कोथरूडमधली सोसायटी, 26 जुलैचा कार्यक्रम, साधारण दीडशे माणसं. एक वीरपत्नी आणि दोन माजी सैनिक यायला तयार आहेत. मानवंदना द्यायची आहे, पण कुणाला अवघडल्यासारखं होऊ नये.

उत्तर:

सगळ्यात आधी प्रमुख पाहुणे कोण, हे ठरवा. नगरसेवक, बिल्डर, अध्यक्ष यांचे सत्कार आधी उरकून वीरपत्नींना सातव्या क्रमांकावर बोलावणारे कार्यक्रम पुण्यात पैशाला पासरी आहेत. त्या आल्या की कार्यक्रम सुरू, आणि पहिला सन्मान त्यांचा, एवढं ठरलं की निम्मे घोळ आपोआप मिटतात. पुढारी उशिरा आले तर मागच्या रांगेत बसतील.

वीरपत्नींशी आठ-दहा दिवस आधी प्रत्यक्ष किंवा फोनवर बोलून घ्या. बोलायचंय का, मुलं किंवा सासू-सासरे सोबत येणार आहेत का, फोटो काढलेला चालेल का, नाव कसं लिहायचं, हे विचारा. वीरमाता-वीरपिता हयात असतील तर त्यांना वेगळं निमंत्रण द्या, सुनेबरोबर "तुम्हीही या" असं नको. 'तो शेवटचा दिवस कसा होता, सांगाल का?' हा प्रश्न मंचावरून कुणीही विचारायचा नाही. निवेदकाला हे बजावून ठेवा. अंत्यसंस्कारांची चित्रफीत पडद्यावर लावण्याची टूम निघाली आहे, तिला तर थाराच देऊ नका.

औक्षणावर जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त चूक इथे होते. ताट घेऊन आलेल्या बायका मंचावरच्या सगळ्यांना कुंकू लावतात आणि वीरपत्नींपाशी आल्या की हात आखडतो. दीडशे माणसांसमोरचा तो क्षणभराचा संकोच पुढच्या सगळ्या भाषणांवर पाणी ओततो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं 2022 मध्ये ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. शहरातल्या सोसायटीनं त्यापेक्षा मागे राहू नये. वीरपत्नींना आधी विचारा. हो म्हणाल्या तर सगळ्यांना लावता तसंच त्यांना लावा. नको म्हणाल्या तर औक्षण कुणाचंच करू नका. शाल द्या, रोप द्या, पुरे. नारळाचंही तेच: द्यायचा तर सगळ्यांना, नाहीतर कुणालाच नको.

आता मजकूर. शौर्याचा मान राखायचा तर ते नेमकं सांगावं लागतं: नाव, हुद्दा, रेजिमेंट, ठिकाण, तारीख, काय केलं, कुठलं पदक. "त्यांनी प्राणांची बाजी लावली" हे वाक्य कुणाबद्दलही म्हणता येतं, म्हणून ते कुणाबद्दलच नसतं. व्हॉट्सअॅपवर फिरणारे मजकूर उचलू नका. त्यात फोटो एकाचा, पराक्रम दुसऱ्याचा, आणि 'शेवटचं पत्र' तिसऱ्यानंच रचलेलं असतं. शौर्यपदकांची मानपत्रं संरक्षण मंत्रालयाच्या 'गॅलंट्री अवॉर्ड्स' या संकेतस्थळावर आहेत, ती घ्या. नावांच्या बाबतीत तर डोळ्यांत तेल घालून तपासा. कारगिल युद्धातल्या ग्रेनेडियर योगेंद्रसिंह यादव यांचं परमवीर चक्र आधी मरणोत्तर म्हणून जाहीर झालं होतं, आणि ते रुग्णालयात उपचार घेत होते. त्याच पलटणीत त्यांच्याच नावाचा दुसरा जवान धारातीर्थी पडला होता. सरकारी पातळीवर हे घडू शकतं, तर आपल्या निवेदकाची काय कथा!

एका वीराची माहिती दीड मिनिटात संपली पाहिजे. नमुन्यादाखल, मुंबई सॅपर्सचे (सैन्याच्या अभियंता दलाचा एक गट) राम राघोबा राणे:

"सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे, कोअर ऑफ इंजिनिअर्स. एप्रिल 1948, जम्मू-काश्मीर. नौशेरा ते राजौरी रस्त्यावर शत्रूनं सुरुंग पेरले होते, झाडं पाडून वाट अडवली होती. 8 एप्रिलला तोफांच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले सैनिक मारले गेले, ते स्वतः जखमी झाले. तरी 8 ते 11 एप्रिल त्यांनी सुरुंग काढत, अडथळे फोडत रणगाड्यांना वाट करून दिली. या कामगिरीसाठी परमवीर चक्र."

यात एकही विशेषण नाही, आणि लागतही नाही. मुंबई सॅपर्सचं केंद्र खडकीला आहे, त्यामुळे पुण्यातल्या श्रोत्यांना हे नाव जवळचं वाटेल. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा जन्म 1950 साली पुण्यातलाच. 16 डिसेंबर 1971 रोजी बसंतरच्या रणगाडा लढाईत, वयाच्या एकविसाव्या वर्षी ते धारातीर्थी पडले. ते पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे. 1965 च्या युद्धातले परमवीर चक्राचे मानकरी लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर हेही त्याच रेजिमेंटचे. मात्र नावात पूना आहे म्हणून ती 'आपली पुण्याची पलटण, इथूनच लढायला गेली' असं ठोकून देऊ नका.

पदकांत गल्लत फार होते. परमवीर, महावीर आणि वीर चक्र शत्रूसमोर केलेल्या पराक्रमासाठी असतात. ती 26 जानेवारी 1950 रोजी सुरू झाली आणि 15 ऑगस्ट 1947 पासून लागू धरली गेली. अशोक, कीर्ती आणि शौर्य चक्र शत्रूशी थेट लढाई नसतानाच्या शौर्यासाठी. यादी वाचताना मानाचा क्रम परमवीर, अशोक, महावीर, कीर्ती, वीर, शौर्य असा लागतो, त्यानंतर सेना पदक. तीन चक्रं एकदम आणि उरलेली तीन मागाहून असं वाचलं तर माजी सैनिकांच्या कपाळावर आठी पडणार. हुद्देही आहेत तसे वाचा. सॅपर, गनर, ग्रेनेडियर, रायफलमन हे त्या त्या दलातले शिपायाच्या पातळीचे हुद्दे आहेत. सगळ्यांना सरसकट 'जवान' करू नका. निवृत्त अधिकाऱ्याचं नाव पत्रिकेत 'कर्नल अमुक तमुक (निवृत्त)' असं छापतात. निवृत्त माणूस होतो, हुद्दा नाही, म्हणून कंस नावानंतर. 'माजी कर्नल' तर अजिबात नको. माजी सैनिक पदकं डाव्या छातीवर लावतात. दिवंगत सैनिकाची पदकं घरच्यांनी लावली तर ती उजवीकडे. हे माहीत नसलेला एखादा उत्साही कार्यकर्ता 'काकू, चुकीच्या बाजूला लागलंय' म्हणून पुढे सरसावतो, त्याला वेळीच आवरा.

पुष्पचक्र दोन ते अडीच फूट व्यासाचं पुरे. मार्केट यार्डच्या फुलबाजारात किंवा मंडईतल्या फुलवाल्याकडे दोन दिवस आधी सांगा. बांबूच्या किंवा तारेच्या सांगाड्यावर झेंडू, शेवंती, निशिगंध हे पावसाळ्यातही टिकतं. गुलाबाच्या पाकळ्या ओल्या होऊन गळतात. तिपाई जड घ्या, नाहीतर पायाला विटा बांधा. जुलैतल्या वाऱ्यानं चक्र आडवं होणं हे हमखास ठरलेलं. थर्माकोलची अमर जवान प्रतिकृती करू नका, राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर 2018 पासून बंदी आहे. फोटो, समई आणि चक्र एवढ्यानं भागतं.

क्रम असा ठेवा. चक्र दोघांनी धरून पुढे न्यायचं, वीरपत्नींनी हात लावून ते तिपाईवर ठेवायचं, एक पाऊल मागे येऊन थांबायचं. सॅल्यूट गणवेशातल्यांनी करावा. इतरांनी सावधान उभं राहावं किंवा हात जोडावेत. मग बिगुलावर 'लास्ट पोस्ट' ही निरोपाची धून, त्यानंतर दोन मिनिटं स्तब्धता, मग 'राऊज' ही जागवणारी धून. बिगुलवाला हवा असेल तर जवळच्या महाविद्यालयाच्या एनसीसी पथकाला लेखी विनंती करा. नाही जमलं तर ध्वनिमुद्रण चालतं. फक्त ज्या फोनवरून लावणार तो फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर ऐन स्तब्धतेत कुणाच्या तरी मावशीचा फोन स्पीकरवर वाजतो. आणि घड्याळ एका माणसाच्या हातात द्या. दोन मिनिटं शांतता निवेदकाला सोसत नाही, चाळीस सेकंदांत तो "धन्यवाद, बसून घ्या" म्हणतो. स्तब्धतेच्या मागे बासरी वगैरे काही लावायचं नाही. राष्ट्रगीत शेवटी, सगळ्यांनी मिळून, साधारण 52 सेकंदांत.

झेंड्याचं थोडक्यात. स्वतःच्या मनानं तो अर्ध्यावर उतरवायचा नाही. तो निर्णय सरकारचा. टेबलावर पसरायचा नाही, फोटोवर किंवा प्रतिकृतीवर पांघरायचा नाही. मंचावर काठीला लावला तर वक्त्याच्या उजव्या हाताला. मुलांना कागदी झेंडे दिलेत तर नंतर मोजून गोळा करा आणि एकांतात, मान राखून नष्ट करा. सकाळी घंटागाडीत जाता कामा नयेत. मुलांना फौजी कपडे घालायची हौस असेल तर घाला, पण फीत, हुद्द्याची चिन्हं, पदकं नकोत. ती कमावलेली असतात, भाड्यानं आणायची नसतात.

पाऊस येणार हे धरूनच चाला. क्लब हाउस राखून ठेवा, माइकचं एक्स्टेन्शन जमिनीवर टाकू नका, आणि ज्येष्ठ पाहुण्यांची गाडी थेट दारापर्यंत येईल अशी पार्किंगची जागा सकाळपासून मोकळी ठेवा. एक तास पुष्कळ झाला.

स्मृतिचिन्हापेक्षा पैसे योग्य जागी लावा असं मी सुचवेन. सोसायटीतून जमलेली रक्कम सशस्त्र सेना ध्वजदिन निधीला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत देता येते. अपंगत्व आलेल्या सैनिकांसाठी काम करायचं असेल तर खडकीचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. भेट द्यायची तर आधी परवानगी घ्या आणि तिथे काय हवंय ते विचारून न्या. सोसायटीत कुणी सीए किंवा निवृत्त बँक कर्मचारी असतील तर त्याहून कामाची एक गोष्ट: 'स्पर्श' या ऑनलाइन पेन्शन प्रणालीवर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. परिसरातल्या वयस्कर माजी सैनिकांना आणि वीरमातांना तो भरायला मदत करा. दाखला अडला की पेन्शन अडते. मात्र धनादेश कुटुंबाला द्यायचा असेल तर तो मंचावर, मोठ्या पुठ्ठ्यावर आकडा छापून देऊ नका. घरी जाऊन द्या.

कार्यक्रमाचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकण्याआधी कुटुंबाला दाखवा, घरचा पत्ता किंवा मुलांची शाळा कुठेही जाऊ देऊ नका. सोसायटीतला एखादा मुलगा सध्या सेवेत असेल तर त्याचं नाव अभिमानानं घ्या, पण त्याची पलटण आत्ता कुठे आहे, सुट्टीवर कधी येतोय, हे माइकवरून सांगायचं नाही आणि पोस्टमध्येही लिहायचं नाही. त्याच्या आई-वडिलांनाही हे आधीच, हळू आवाजात सांगून ठेवा, कारण कौतुकाच्या भरात ते स्वतःच सांगून बसतात.