सुट्टीवर आलेला बाप आणि तिसरीतलं पोरगं

आक्काला विचारा : फौजी घरांतल्या बायकांची पत्रं आणि त्यांना उत्तरं

प्रश्न : आक्का, नमस्कार. माझे मिस्टर मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार आहेत. पलटण सध्या फील्डला, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणी आहे. आमचं गाव गडहिंग्लज तालुक्यात, पण मुलाच्या शाळेसाठी मी कोल्हापुरात राजारामपुरीत खोली घेऊन राहते. मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत आहे. मे महिन्यात मिस्टर सुट्टीवर आले, तर पोरगं त्यांच्याजवळ जाईना. चौथ्या दिवशी सगळे जेवायला बसलेले असताना त्यानं मोठ्यानं विचारलं, “बाबा परत कधी जाणार?” मिस्टर काही बोलले नाहीत, पण त्यांना लागलं. सासूबाई म्हणतात, तू शहरात एकटी राहून पोराला बिघडवलंस, गावी ये. मिस्टर म्हणतात, सहावीला सैनिक शाळेत घालू, म्हणजे शिस्त लागेल. मी गावी परत जाऊ का?

— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : गावी जाऊ नकोस. हे आधी सांगून टाकते, म्हणजे बाकीचं निवांत वाचशील.

पोरगं बिघडलेलं नाही. जवानाला वर्षाला 60 दिवसांची वार्षिक रजा आणि 30 दिवसांची किरकोळ रजा. तीसुद्धा तुकड्यातुकड्यानं आणि पलटणीच्या सोयीनं मिळते. त्यातले दोन-तीन दिवस प्रवासातच जातात. आठ वर्षांच्या पोराला एवढंच दिसतं की हा माणूस येतो, आईशेजारची आपली जागा घेतो आणि जातो. मग कधी जाणार असं त्यानं विचारलं तर त्याचं काय चुकलं? आमचा थोरला तर विचारायचाही नाही. आमच्या साहेबांची, म्हणजे त्याच्या बाबांची काळी ट्रंक, पांढऱ्या रंगानं नाव-नंबर लिहिलेली, ती कॉटखाली गेली की नाही एवढं तो रोज वाकून बघायचा.

आता मी तुला विचारते. मिस्टर नसताना दिवसातून किती वेळा म्हणतेस, “बाबा येऊ देत, मग सांगते”? खरं सांग. प्रत्येक क्वार्टरच्या भिंतीतून मी हे वाक्य ऐकलंय. दूध पीत नाही, मोबाइल सोडत नाही, पाढे येत नाहीत, सगळं लिहून ठेवल्यासारखं आपण साठवतो, आणि तो आला की दुसऱ्याच दिवशी यादी वाचून दाखवतो. पलटणीत ऑर्डरली रूम असते ना, जिथं सीओसाहेबांपुढं, म्हणजे पलटणीच्या प्रमुखापुढं, चुकलेल्या जवानाला उभं करतात? तुझ्या घरात सुट्टी म्हणजे पोराची ऑर्डरली रूम झालीय. वर्षभर ज्याच्या नावानं भीती घातली तो दारात आल्यावर पोरगं पळत जाऊन गळ्यात पडेल, ही अपेक्षाच चुकीची. रागवायचं तर त्याच दिवशी तू रागव, शिक्षा काय ती तू दे, आणि संध्याकाळी ते खातं बंद कर. बापापर्यंत तक्रार जायलाच नको.

सुट्टीचे पहिले आठ दिवस तसेही बापाच्या हातात नसतात. कुणाचं लग्न, कुणाच्या गावची म्हाई म्हणजे जत्रा, चुलत्याच्या बांधाचं भांडण, कौलं बदलायची. तेवढे दिवस पोराला “जा, बाबांच्या मांडीवर बस” म्हणून ढकलू नकोस. नंतर दोघांना एखादं असं काम दे की ज्यात फार बोलावं लागत नाही. मे महिन्यात आले की गावच्या विहिरीवर धाड. कमरेला डबा बांधून पोहायला शिकवणं हे बापाचंच काम, आणि पाण्यात पोराला बापाला घट्ट धरावंच लागतं. पावसाळ्यात आले तर सायकलचं पंक्चर काढायला शिकवू देत, खासबागेत कुस्त्या असल्या तर घेऊन जाऊ देत. तू मात्र बरोबर जायचं नाहीस. मागून सूचना देत बसशील.

आणि हो, साहेब लोक सुट्टीवर आले की स्वयंपाकघराचंही इन्स्पेक्शन सुरू करतात. हा डबा इथं का, चपला रांगेत का नाहीत. त्यावर मला उपाय सापडलेला नाही.

पोरगं आणखी एक गोष्ट बघत असतं, तीही सांगते. सहलीचे पैसे भरायचे असोत की दप्तर घ्यायचं असो, आई म्हणते “बाबांना विचारते”, आणि बाबांच्या चौकीवर रेंज नसते. माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या पत्रांत रडगाणं एकच असतं, फक्त ती त्याला वेगवेगळी नावं देतात. बँकेचा ओटीपी त्याच्या मोबाइलवर, गॅसचा त्याच्या मोबाइलवर, उसाचं बिल त्याच्या एकट्याच्या खात्यावर. कारखान्यानं पैसे टाकले तरी घरात दुधाचं बिल थकलेलं. पुढच्या सुट्टीत कौलांच्या आधी हे काम करा. घरखर्चाचं खातं तुझ्या नावावर किंवा दोघांच्या नावावर आणि नंबर तुझा. गॅस, शाळा, लाइट बिल, सगळीकडं तुझा नंबर. सातबाऱ्याचं काही अडत असेल तर कुलमुखत्यारपत्राचं वकिलाला विचारा. सासूबाईंना हे आवडणार नाही. मिस्टरांच्या तोंडून सांग, तुझ्या नको.

त्याच सुट्टीत कागद. आपल्याकडं शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, लग्नात बदललेलं नाव आधारवर, आणि पलटणीत लिहून घेणाऱ्यानं ऐकलं तसं तिसरंच. लग्न आणि मुलांचे जन्म पार्ट टू ऑर्डरनं, म्हणजे पलटणीच्या लेखी आदेशानं नोंदवले जातात आणि ती नोंद बेळगावला रेकॉर्ड ऑफिसात राहते. किंड्रेड रोलमध्ये, म्हणजे जवानाच्या घरच्यांच्या यादीत तुझं नाव आणि पोराची जन्मतारीख आधारसारखी आहे का, हे मिस्टरांना पलटणीत गेल्यागेल्या बघायला सांग. लग्नाच्या नोंदणीचा दाखला, पोराचा जन्मदाखला, दोघांचा एकत्र फोटो, हे त्यांच्या बॅगेत तू स्वतः ठेव. फरक निघाला तर प्रतिज्ञापत्र वगैरे काय लागतं ते आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात समजावून सांगतात. अभद्र नको म्हणून बायका हा विषय काढत नाहीत. मी काढते. एका अक्षराच्या फरकानं कुटुंब पेन्शन अडकलेल्या बाया मी बघितल्यात, आणि तेव्हा दुरुस्ती करायला तो माणूस नसतो. जाता जाता, शाळेच्या खर्चाचा शिक्षण भत्ता दोन मुलांपर्यंत मिळतो. वर्ष संपलं की शाळेचं प्रमाणपत्र पलटणीला पाठवायचं विसरू नकोस.

सैनिक शाळेचं. साताऱ्याची शाळा 1961 सालची, देशातली पहिली, नावाजलेली. बेळगावचं राष्ट्रीय मिलिटरी स्कूलही तुला जवळ, आणि तिथं जवान आणि जेसीओंच्या (नायब सुभेदार, सुभेदार वगैरेंच्या) मुलांसाठी मोठं आरक्षण आहे. दोन्हीकडं सहावीला प्रवेश परीक्षा, वय 10 ते 12. शाळा चांगल्याच आहेत, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण हिशेब मांड. पोरगं त्या वयाचं होईपर्यंत तुमची पलटण पीसला, म्हणजे कुटुंब ठेवता येतं अशा छावणीत आलेली असेल, क्वार्टर मिळून तिघं एका छताखाली राहायची पहिली संधी तेव्हाच येईल, आणि नेमकं तेव्हा पोरगं वसतिगृहात! जो बापाबरोबर सलग वर्षभर राहिलेला नाही त्याला शिस्तीसाठी आणखी लांब पाठवायचं, हे मला पटत नाही. पोराला स्वतःला वर्दीची ओढ असेल तर गोष्ट वेगळी, नववीलाही प्रवेश असतो. पलटण पीसला आली की क्वार्टरसाठी लगेच नाव लावा, आणि नंबर लागला की कोल्हापूरची शाळा सोडून खुशाल जा. तिसरी-चौथीचं वर्ष कुठल्याही गावात भरून निघतं.

राहिल्या सासूबाई. मी फौजीची बायको होते, आता फौजीची आईही आहे, म्हणून त्यांची बाजू मला कळते. त्यांचाही मुलगा घरात नाही. नातू तरी दारात खेळावा असं त्यांना वाटतं, आणि ते सरळ म्हणवत नाही म्हणून “बिघडवलंस” म्हणतात. शनिवारची शाळा सुटली की स्टँडवरनं गडहिंग्लजची एसटी पकड, पोराला त्यांच्याकडं सोड, रविवारी संध्याकाळी परत. जाताना भांडणाचा विषय बरोबर नेऊ नकोस.

प्रश्न : मुलगा अग्निवीर म्हणून भरती झाला, बेळगावला ट्रेनिंगला आहे. फोनवर “बरा आहे” एवढंच बोलतो. चार वर्षांनी काय करणार, असं भावकी आत्ताच विचारते. काळजीनं झोप लागत नाही.

— एक आई, ता. शिरोळ

उत्तर : अहो ताई, ट्रेनिंगमध्ये फोन हातात थोडाच वेळ असतो, आणि शेजारी दहा पोरं उभी असतात. आईशी काय बोलणार? “जेवलास का” सोडून दुसरं काही सांगा. म्हैस व्याली का, पंचगंगेला पाणी किती आलं, गल्लीत कुणाचं लग्न ठरलं. माझा धाकटा असल्या बातम्यांवरच बोलता व्हायचा.

चार वर्षांनी 25 टक्क्यांपर्यंत मुलांना कायम करतात, बाकीच्यांना सेवानिधीचे, म्हणजे जाताना एकरकमी, सुमारे 11.71 लाख रुपये मिळतात. त्यानं बारावीनंतरचं शिक्षण बाहेरून चालू ठेवावं, एवढं आत्ता बघा. त्या पैशांत कुणी ट्रॅक्टर बघायला लागलं असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. कसम परेडचं, म्हणजे ट्रेनिंगनंतरच्या शपथेच्या परेडचं बोलावणं आलं की घरातल्या दोघांनी नक्की जा, आणि जाताना कांदा-लसूण चटणीचा डबा त्याच्या एकट्यापुरता नको, चांगला मोठा भरा.