ताम्रसृती म्हणजे तांबडं होणं नव्हे!

‘रेडशिफ्टला ताम्रसृती म्हणायचं की ताम्रच्युती, बरोबर काय? आणि प्रकाशाच्या जवळपास वेगाने जाणाऱ्या यानातून बघितलं तर ताम्रसृतीमुळे सगळे तारे लाल दिसतील ना?’ असा प्रश्न आलाय.

नाही दिसणार. ‘ताम्रसृती म्हणजे लाल होणं’ हे ऐकून ऐकून कान किटलेत. ताम्र म्हणजे इथे तांबं नाही, तांबडा रंग, एवढं बहुतेकांना कळतं (ताम्र, प्राकृतात तंब, मग आपलं तांबडं, पहाटे फुटतं तेच), पण पुढचा सृती कुणी वाचतच नाही. निळ्याकडून तांबड्याकडे जी दिशा आहे त्या दिशेने सरकणं, म्हणजे तरंगलांबी वाढणं, बास. मुळातच इन्फ्रारेड, म्हणजे तांबड्याच्या पलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाची ताम्रसृती झाली तर तो तांबड्यापासून अजून लांब जातो, मग लाल झाला कसं म्हणणार? विश्वाच्या बालपणीचा प्रकाश तर साधारण ११०० पट ताणला गेल्याने मायक्रोवेव्हमध्ये जाऊन बसलाय.

खरी मजा सृतीत आहे. सृ हा धातूच सरकण्याचा. सरणे, प्रसार, सरिता, संसार, अभिसारिका, सगळी एकाच घरातली माणसं! आणि सृती म्हणजे नुसतं सरकणं नाही, वाटसुद्धा. गीतेच्या आठव्या अध्यायात शुक्ल आणि कृष्ण अशा दोन गती सांगितल्यात आणि लगेच पुढच्या श्लोकात ‘नैते सृती पार्थ जानन्’, इथलं सृती हे द्विवचन आहे, दोन वाटा, एक उजेडाची एक अंधाराची. आपल्याकडेही दोनच, नीलसृती आणि ताम्रसृती, प्रकाश देणारा जवळ येतोय की लांब जातोय त्यावर. ज्याने कुणी हा शब्द घडवला त्याच्या डोक्यात हा श्लोक असणारच असं माझं ठाम मत आहे, पुरावा शून्य.

च्युतीवाले यावर लगेच धातुपाठ (संस्कृत धातूंची यादी) काढतात, ‘च्युङ् गतौ’, म्हणजे तोही गतीचाच धातू. असेल. पण मराठीत च्युत झालेला माणूस कुठून तरी पडलेलाच असतो, पदच्युत घ्या, आणि जो ढळत नाही तो अच्युत. ते म्हणतील वर्णरेषा (प्रकाशाच्या वर्णपटातली ठरावीक तरंगलांबीची रेषा) आपल्या जागेवरून ढळतेच की. अहो पण एकटी ढळत नाही ना! १९६३ मध्ये मार्टेन श्मिट यांनी ३सी २७३ या क्वेसारच्या (दूरच्या दीर्घिकेच्या अतितेजस्वी गाभ्याच्या) वर्णपटातल्या ओळख न लागणाऱ्या रेषांचा छडा लावला, तर त्या निघाल्या हायड्रोजनच्याच नेहमीच्या रेषा, सगळ्या १५.८ टक्क्यांनी सरकलेल्या. म्हणजे ४८६ नॅनोमीटरची ५६३ ला, ६५६ ची ७६० ला, आपसातलं गुणोत्तर जसंच्या तसं, म्हणून तर ओळखता आल्या. रांग न मोडता सगळे पुढे सरकले तर त्याला घसरगुंडी म्हणायचं का?

यानाचं राहिलंच. प्रकाशाच्या ६० टक्के वेग घ्या, हिशोब सोपा जातो. नाकासमोरून येणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी निम्मी होते, ७०० चा तांबडा ३५० ला म्हणजे अतिनील, दिसणारच नाही. बरोब्बर मागून येणाऱ्याची दुप्पट, ४०० चा जांभळा ८०० ला, तोही गेला. पण तारे गायब होत नाहीत, कारण तारा काही एकाच रंगात उजळत नाही, समोरच्याचा इन्फ्रारेड भाग सरकून डोळ्यांच्या टप्प्यात येतो. सूर्यासारखा ५८०० केल्विन तापमानाचा तारा समोर असेल तर ११६०० चा असल्यासारखा निळसर दिसेल, मागे असेल तर २९०० चा असल्यासारखा नारिंगी-तांबूस.

आणि याहून भारी म्हणजे तारे जागाही बदलतात. प्रवासाच्या दिशेशी काटकोनात असलेला तारा या वेगाला समोरून जेमतेम ५३ अंशांवर दिसतो, आणि वेग वाढवाल तसे सगळे पुढे गोळा व्हायला लागतात. पृथ्वी सेकंदाला ३० किलोमीटर पळते तरी हे घडतं, फक्त २०.५ आर्कसेकंद (एका अंशाचे ३६०० आर्कसेकंद) इतकंच, आणि ताऱ्याचं अंतर काढायच्या खटपटीत असलेल्या जेम्स ब्रॅडलीला १७२८ मध्ये याचं कारण उमगलं. याला मी अग्रसरण म्हणतो. परिभाषेत असा शब्द नाही, माहीत आहे, पण अग्रसरमध्येही तोच सृ आहे बघा.